उंदीर पडू लागतात तेव्हा : बीडच्या प्लेगचा तपास आणि कोकणातील धान्याची घरे

बीड जिल्ह्यातील मामला हे खेडे १९९४ पूर्वी जिल्ह्याबाहेर कोणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. लोकवस्ती चारशेच्या आत आणि मुलूख कोरडवाहू. त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेथील लोकांना दोन गोष्टी जाणवू लागल्या. घरांतून उंदीर मरून पडू लागले आणि पायांना पिसवा चावू लागल्या. पावसाळ्यात पिसवा होतातच, आणि उंदीर मेला तर शेतकऱ्याला वाईट वाटण्याचे कारण नाही. परंतु ऑगस्टच्या अखेरीस, २६ तारखेपासून पुढे, अंगात सणसणून ताप आणि जांघेत अवधाण अशी माणसे गावात दिसू लागली. सप्टेंबरच्या मध्यास हा गाठीचा प्लेग असावा असे निदान पुढे आले, तेव्हा गावातील दर दहा माणसांमागे सुमारे एकाच्या अंगावर अशी गाठ होती.

भारतात माणसास प्लेग झाल्याची त्यापूर्वीची नोंद १९६६ सालची, त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील होती. मधल्या अठ्ठावीस वर्षांत डॉक्टरांची एक सबंध पिढी प्लेगचा रोगी न पाहता तयार झाली. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग तेवढा उरला होता. पूर्वी गावात उंदीर पडू लागले की लोक सरकारी हुकमाची वाट न पाहता घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत. ही रीत अडाणीपणाची नव्हती. उंदरांच्या मृत्यूनंतर माणसांची पाळी येते हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. मामल्यात उंदीर पडू लागले आणि पहिला रुग्ण आढळला यांत सुमारे तीन आठवड्यांचे अंतर होते. प्रस्तुत लेखाचा खरा विषय हे तीन आठवडे होत. कारण या अवधीत रोग गावात असतो, पण माणसात नसतो, आणि त्यास अडविणे सर्वांत सोपे असते.

रिकामे घर आणि भरलेली कणगी

मामल्यास हा रोग का उद्भवला याचा शोध घेताना तपास करणारांना मागे, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत जावे लागले. त्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे भूकंप होऊन लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. बीड जिल्हा या केंद्रापासून दूर होता. तथापि दगडमातीच्या घरांत झोपण्याची भीती दूरवर पसरली. अनेक कुटुंबे घराबाहेर, शेतात तात्पुरत्या छपरांखाली राहू लागली. धान्य मात्र घरातच राहिले, आणि त्यानंतरच्या सुगीचा मालही त्याच बंद घरांत साठविला गेला.

उंदराच्या दृष्टीने याहून सोयीची जागा नाही. माणूस नाही, मांजर नाही, रोजची झाडलोट नाही आणि पोटापुरतेच काय, पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढे धान्य समोर. घरातील उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच ते दहा पिले घालते आणि ती पिले तीन महिन्यांची होताच स्वतः वीण सुरू करतात. एका सुगीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत अशा घरात काय घडत असेल याचा हिशेब कोणाही शेतकऱ्यास घरबसल्या करता येईल.

परंतु केवळ उंदीर वाढल्याने प्लेग होत नाही. त्यासाठी रोगाचे जंतू कोठून तरी यावे लागतात. घरातील काळा उंदीर या जंतूंपुढे टिकत नाही. तो झपाट्याने मरतो, आणि म्हणून रोग वर्षानुवर्षे जतन करून ठेवणे त्याच्याकडून होत नाही. ते काम रानातील उंदीर करतात. बांधावर, पडीक रानात व माळावर बिळे करणारा, लांब शेपटीच्या टोकाशी केसांचा झुबका असलेला एक उंदीर आपल्याकडे आढळतो; शास्त्रज्ञ त्यास टटेरा इंडिका म्हणतात. या जातीतील काही उंदीर प्लेगचे जंतू अंगात असूनही मरत नाहीत. अशा बिळांतून रोग गाजावाजा न करता टिकून राहतो. घरातील उंदरांची संख्या वाढून ते शेतात जाऊ लागले, अथवा रानातील उंदीर धान्याच्या वासाने वस्तीकडे सरकले, की दोघांच्या पिसवांची अदलाबदल होते. रान आणि घर यांमधील कुंपण तुटते ते येथे. बीडच्या तपासात या रानउंदरांकडे विशेष लक्ष पुरविण्यात आले ते याच कारणाने.

वाद आणि त्याचा निकाल

मामल्यापाठोपाठ, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गुजरातेतील सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे वळले. लाखो माणसे सुरत सोडून गेली, काही देशांनी भारताशी असलेली विमानवाहतूक थांबविली, निर्यातीस मोठा फटका बसला. या गोंधळात बीडची खेडी मागे पडली. वास्तविक १८ ऑक्टोबरपर्यंत पाच राज्ये व दिल्ली मिळून जे ६९३ संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी ४८८ महाराष्ट्रातील होते.

हा खरोखर प्लेगच होता काय, याविषयी त्या वेळी मोठा वाद झाला. जंतू प्रयोगशाळेत लवकर वाढवून दाखविता आले नाहीत, अनेक रुग्णांनी तपासणीपूर्वीच टेट्रासायक्लिन घेतलेले होते, आणि काही तज्ज्ञांनी निराळ्याच रोगांची नावे सुचविली. केंद्र सरकारने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा निष्कर्ष प्लेगच्या बाजूने पडला. पुढे २००० साली हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी रुग्णांपासून आणि उंदरांपासून मिळालेल्या जंतूंची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध केली, व हे जंतू प्लेगचेच होते हे त्यावरून स्पष्ट झाले.

शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला यात गैर काही नाही. मात्र प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत गावाने हात बांधून बसावे असा त्याचा अर्थ नव्हे. पिसवा मारण्यास आणि रुग्णास औषध देण्यास अंतिम निकालाची आवश्यकता नसते, आणि मामल्यात फवारणी व औषधोपचार निकालापूर्वीच सुरू झाले होते.

अशा तपासात प्रत्यक्ष काय केले जाते हे गावपातळीवरील कार्यकर्त्यास ठाऊक असावे. म्हणजे पथक गावात आल्यावर त्याचा उपयोग होतो. प्रथम घरोघर फिरून कोणास केव्हा ताप आला, गाठ कोठे आहे, घरात मेलेला उंदीर केव्हा दिसला याच्या तारखा नोंदतात. मग पिंजरे लावून जिवंत उंदीर धरतात व त्यांच्या केसांतून कंगवा फिरवून पिसवा मोजतात. दर उंदरामागे सरासरी किती पिसवा निघतात हा आकडा महत्त्वाचा असतो. उंदरावरील झेनोप्सिला जातीच्या पिसवांची ही सरासरी एकाहून अधिक झाली तर गाव धोक्याच्या रेषेवर आहे असे समजतात. उंदरांचे रक्त आणि अवयव तपासणीस जातात. गावातील कुत्र्यांचेही रक्त घेतात, आणि याचे लोकांना हटकून नवल वाटते. कुत्रा रानातील उंदीर खातो, त्याला प्लेगची बाधा बहुधा जाणवत नाही, परंतु त्याच्या रक्तात रोगाची खूण राहते. म्हणून एक कुत्रा तपासणे म्हणजे आजूबाजूचे कित्येक उंदीर तपासण्यासारखे होय.

पिसू हे काम कसे करते

आज शाळेतील मुलासही प्लेग पिसवांमुळे होतो हे ठाऊक असते. १८९६ मध्ये ते कोणासच ठाऊक नव्हते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातील कामगारांचा भरणा मोठा होता. साथ फैलावताच शहरातील निम्म्याच्या आसपास लोक बाहेर पडले, आणि त्यांत कोकणच्या वाटेला लागलेले हजारो होते. सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये प्रवाशांची तपासणी सुरू केली, घरे धुतली, सामान जाळले. उंदराकडे व पिसवेकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते. रोगाचे मूळ घाणीत व माणसाच्या स्पर्शात शोधले जात होते.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराची येथे प्रयोग करून रोगी उंदरापासून निरोगी उंदराकडे प्लेग पिसवांमार्फत जातो हे दाखविले. त्यावर कित्येक वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत, जेथे प्लेगचे रुग्ण निघाले होते अशा घरांत गिनीपिग हे लहान प्राणी पिंजऱ्यात ठेवले. ज्या पिंजऱ्यांस पिसू शिरणार नाही अशी बारीक जाळी होती त्यांतील प्राणी वाचले. उघड्या पिंजऱ्यांतील प्राण्यांस प्लेग झाला. हवा तीच, घर तेच, घाणही तीच. फरक काय तो पिसवांचा.

रोगी उंदराचे रक्त प्यालेल्या पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतूंची वाढ होऊन बोळा बसतो. तिच्या पोटात रक्त उतरेनासे होते, ती भुकेने व्याकूळ होते व पुन:पुन्हा चावा घेते. प्रत्येक चाव्याबरोबर जंतू जखमेत परत येतात. उंदीर जिवंत असेपर्यंत ती सहसा माणसाकडे वळत नाही. उंदीर मरून त्याचे अंग थंड पडले की पिसवा ते सोडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. घरात दुसरा उंदीर उरला नसेल तर ते अंग माणसाचे असते. मामल्यातील तीन आठवड्यांचे कोडे येथे उलगडते.

आणखी एक गोष्ट बंद घरांच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पिसवेची अंडी उंदराच्या अंगावरून खाली, जमिनीच्या भेगांत व धुळीत पडतात. अळ्या तेथील कचऱ्यावर वाढतात व कोष करतात. कोषातील पिसू बाहेर न येता बराच काळ थांबू शकते. पावलांचा हादरा वा अंगाची ऊब जाणवली की ती बाहेर येते. पुष्कळ दिवसांनी उघडलेल्या घरात पाऊल टाकताच पिसवांचा मोहोळ पायांवर चढतो, तो यामुळे.

कोकणातील प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातील शेतकरी म्हणेल की बीडचा कोरडा माळ कोठे आणि आमची भातखाचरे कोठे. हे म्हणणे काही अंशी बरोबर आहे. परंतु बंद घर आणि आत धान्य ही स्थिती कोकणाइतकी अन्यत्र क्वचितच असेल. कित्येक वाड्यांत निम्मी घरे गणपतीस व शिमग्यास उघडतात. एरवी त्यांत माळ्यावर पेंढा, पडवीत नारळ-सुपारी आणि कणगीत भात असते, आणि किल्ली शेजाऱ्याकडे असते. संकटाच्या प्रसंगांचीही येथे वाण नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा हादरा सह्याद्रीच्या या बाजूसही बसला होता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडील घरांची छपरे उडाली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळुणातील माणसांना घरे सोडावी लागली. अशा वेळी माणसांना हलविण्याची व्यवस्था होते, धान्याचा विचार मागाहून होतो. भिजलेले भात घरात वा खळ्यावर कुजत पडते आणि उंदरांचे फावते.

कोकणात उंदरांपासून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा अनुभव शेतकऱ्यांस आहेच. तो रोगही जंतूंचा, परंतु त्यास पिसू लागत नाही. उंदराच्या मुतातून जंतू पाण्यात व चिखलात येतात आणि पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. दोन्ही रोगांच्या मुळाशी प्राणी एकच आहे, म्हणून घरातील व बांधावरील उंदरांचा बंदोबस्त हे एका कष्टात साधणारे दुहेरी काम होय.

धान्य साठविण्याच्या बाबतीत पत्र्याची कोठी सर्वांत उत्तम, हे सर्वांस माहीत आहे. कणगी सोडवत नाही ही गोष्ट निराळी. कणगीच ठेवावयाची असेल तर ती भिंतीस टेकवू नये. भोवती हातभर मोकळी जागा असावी आणि कणगी जमिनीपासून अडीच ते तीन फूट उंच मांडणीवर असावी, म्हणजे खालून झाडता येते व उंदरास उडी पोचत नाही. मांडणीच्या पायांना पत्र्याची उपडी टोपी बसवावी. पेंढा माळ्यावर भरण्याची चाल मात्र मोडलेली बरी. बाहेर उडवी रचावी. नारळीच्या खोडास माणसाच्या उंचीच्या वर पत्र्याचा हातभर रुंदीचा पट्टा ठोकल्यास उंदीर चढत नाही, फक्त शेजारच्या झाडाची झावळी त्यावर टेकलेली नसावी. हे बहुतेक जण विसरतात आणि मग पट्ट्यास दोष देतात.

आधी पिसवा, मग उंदीर

एरवी उंदीर मारण्यास कोणताही दिवस चांगला. परंतु घरात उंदीर आपोआप मरून पडत असतील, तर विषाचे आमिष घालण्याची घाई करणे ही सर्वांत मोठी चूक ठरेल. उरलेले उंदीर एकदम मारल्यास त्यांच्या अंगावरील साऱ्या पिसवा एकाच रात्री घरात मोकळ्या होतील. ज्याने गाव वाचवावयाचे त्याच्याच हातून गावात रोग पसरेल. अशा गावी प्रथम बिळांच्या तोंडाशी, उंदरांच्या वाटांवर व घराच्या जमिनीवर पिसवानाशक औषध टाकावयाचे असते, आणि पिसवा हटल्याची खात्री झाल्यावरच आमिष. हे औषध कोणते व किती, हे आरोग्यखात्याने ठरवावयाचे आहे. पिकावर फवारण्याची औषधे शेतकऱ्याने स्वतःच्या विचाराने घरात शिंपडू नयेत. पूर्वी घरोघर डीडीटीची फवारणी होई ती हिवतापासाठी, पण तिने पिसवाही मरत व प्लेग हटण्यास त्याचा हातभार लागला. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ पासून बंद झाला आहे.

मेलेला उंदीर उघड्या हाताने, शेपटीला धरूनसुद्धा, उचलू नये. मुलांना जवळ जाऊ देऊ नये. चुलीतील चिमटा वापरू नये. एक निराळा लांब चिमटा वा फावडे त्यासाठी ठेवावे. मेलेला उंदीर दिसताच आशा कार्यकर्तीस अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. तपासणीसाठी तो हवा असल्यास ते सांगतील, नको असल्यास रॉकेल टाकून जाळावा किंवा खोल पुरावा. कोठे दिसला, किती दिसले, कोणत्या तारखेस, एवढे वहीत लिहून ठेवावे. २००४ पासून चालू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात अशा वार्ता घेण्याची सोय आहे. एखाददुसरा उंदीर विषाने वा मांजराने मेलेला असतो. परंतु कोणी विष घातलेले नसताना आठवडाभरात दोन-तीन घरांतून उंदीर पडले तर ती वार्ता त्याच दिवशी गेली पाहिजे. मांजरावर भिस्त ठेवणारांनी हेही जाणावे की मांजरास स्वतःस प्लेग होतो व त्याच्यापासून माणसास होऊ शकतो.

पिसू चावल्यापासून साधारण दोन ते सहा दिवसांत थंडी वाजून ताप येतो, अंग ठणकते आणि जांघेत, काखेत वा मानेस दुखरी गाठ येते. गाठीवर लेप लावून दिवस घालविणे घातक आहे. उपचार न झाल्यास गाठीच्या प्लेगचे निम्म्याच्या आसपास रोगी दगावतात. फुप्फुसात शिरलेला प्लेग तर खोकल्यावाटे माणसाकडून माणसाकडे जातो व उपचारावाचून बहुधा कोणी वाचत नाही. याउलट स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सीसायक्लिन यांसारख्या औषधांनी हा रोग वेळेवर हमखास आटोक्यात येतो. हिमाचल प्रदेशातील शिमला जिल्ह्यात २००२ साली १६ जणांस फुप्फुसाचा प्लेग झाला, त्यांपैकी चौघे मृत्यू पावले. उत्तरकाशी जिल्ह्यातील एका खेड्यात २००४ साली ८ जणांस प्लेग होऊन ३ दगावले. दोन्ही गावे डोंगरातील आणि दवाखान्यापासून दूर होती.

ज्या गावी उंदीर पडल्याची वार्ता नाही तेथे नेहमीची मोहीम भातकापणीपूर्वी, सर्व खातेदारांनी मिळून, एकाच आठवड्यात करावी; एकाने केली आणि शेजाऱ्याने केली नाही तर उंदीर बांध ओलांडून परत येतात. संध्याकाळी बांधावरील सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत समजावीत व काठीस चिंधी बांधून त्यांवर खुणा कराव्यात. त्या बिळांत पहिले दोन-तीन दिवस तेल चोळलेला तांदळाचा कणा नुसताच ठेवावा, म्हणजे उंदरांचा संशय फिटतो. नंतर ४८ भाग कणा, १ भाग गोडे तेल व १ भाग झिंक फॉस्फाईड असे आमिष काठीने कालवून कागदाच्या पुड्यांतून बिळात सरकवावे. घरात व गुरांच्या गोठ्यात झिंक फॉस्फाईड कदापि वापरू नये. तेथे पिंजरे बरे. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर व उरलेल्या पुड्या चिमट्याने वेचून, गुरे व कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल पुराव्यात.